कल्याण शहर, भिवंडी मतदारसंघ

स्मरणिकेसाठी लेख द्या, असं कमिटीच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा सोसायटीची स्थापना, कन्व्हेयन्स, पाण्याची टाकी, गणेशोत्सव हे सगळे विषय आधीच वाटून झाले होते. माझ्या वाट्याला ‘परिसराचा इतिहास’ आला. आता दुर्गाडी, काळा तलाव, सुभेदारवाडा यांच्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहून ठेवलेलं आहे. त्यात मी नवीन काय घालणार? म्हणून इतिहासातलं एक अलीकडचं प्रकरण घेतो. ते आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांतच घडलं, आपल्या सगळ्यांच्या बाबतीत घडलं, तरी बऱ्याच सभासदांना त्याचा पत्ता नाही.

प्रकरण असं, की आपण कल्याणला राहतो, पण कल्याण लोकसभा मतदारसंघात राहत नाही.

काहींना ही थट्टा वाटेल. २० मे २०२४ रोजी मतदानाच्या दिवशी आपल्याच बिल्डिंगमधल्या दोघातिघांनी मला खाली गेटपाशी विचारलं होतं, की टीव्हीवर कल्याणच्या उमेदवारांची नावं दाखवतात, ती इथल्या यंत्रावर कशी नाहीत? नसणारच. आपल्या यंत्रावर भिवंडीचे उमेदवार असतात. २००९ पासून आपण कल्याण पश्चिमवाले लोकसभेला भिवंडीत मतदान करतो. २००९ ला सुरेश टावरे, २०१४ आणि २०१९ ला कपिल पाटील, २०२४ ला सुरेश म्हात्रे हे आपले खासदार. स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेला गेलात, की खासदार बदलतो. तिकडे २००९ ला आनंद परांजपे आणि त्यानंतर तिन्ही वेळा डॉ. श्रीकांत शिंदे.

आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली तेव्हा हे असं नव्हतं. तेव्हा पूर्व काय नि पश्चिम काय, सगळे एकाच ठाणे लोकसभा मतदारसंघात होते आणि प्रकाश परांजपे खासदार होते. त्यांच्या आधी रामभाऊ म्हाळगी, प्रा. राम कापसे यांनी याच मतदारसंघाचं प्रतिनिधित्व केलं. कापसे सर तर कल्याणचेच. जुन्या मंडळींना ते रस्त्यात सहज भेटत. मतदारसंघ मात्र अवाढव्य झाला होता. ठाणे शहर, बेलापूर म्हणजे नवी मुंबई, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, एवढा सगळा पसारा एका खासदाराच्या गळ्यात. मतदारांच्या संख्येने देशातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांत त्याची गणना होत असे.

एवढा का फुगला? तर जवळजवळ तीस वर्षं सीमांना कोणी हातच लावला नव्हता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जागांचं वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवलं. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण १९७१ चं ठाणं आणि २००१ चं ठाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक पडला होता. गिरगाव, दादर, परळची माणसं खोल्या विकून डोंबिवली-कल्याणला आली, खाडीपलीकडे अख्खी नवी मुंबई उभी राहिली, पण मतदारसंघ मात्र १९७१ च्या मापाचाच. मुलगा सहा फूट वाढला आणि अंगात चौथीतला सदरा, तशातली गत.

आता थोडा हिशेब मांडतो. बँकेतल्या माणसाला आकडे दिसल्याशिवाय गोष्ट पटत नाही, सभासदांनी सांभाळून घ्यावं.

महाराष्ट्राला लोकसभेच्या जागा ४८ आणि विधानसभेच्या २८८. म्हणजे दर खासदारामागे बरोबर सहा आमदार. १९७१ साली राज्याची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख होती. तिला २८८ ने भागलं, की एका आमदारामागे पावणेदोन लाख माणसं येतात. त्या वेळी ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या होती सुमारे २२ लाख ८२ हजार. भागाकार केला, की तेरा येतात. जिल्ह्याला तेराच आमदार होते. हिशेब टॅली झाला.

२००१ ला राज्य झालं ९ कोटी ६८ लाख ७९ हजारांचं. एका आमदारामागे ३ लाख ३६ हजार आणि एका खासदारामागे २० लाख १८ हजार. ठाणे जिल्हा झाला होता ८१ लाख ३२ हजारांचा. भागाकार चोवीस. तेराचे एकदम चोवीस! राज्याच्या एकूण जागा तेवढ्याच राहणार असल्यामुळे इथे वाढलेल्या अकरा जागा दुसऱ्या जिल्ह्यांच्या खात्यातून आल्या, हे ओघानंच आलं. चोवीस आमदारांना सहाने भागलं, की चार खासदार. आधी जिल्ह्यात ठाणे आणि डहाणू या नावांचे दोन मतदारसंघ होते. आता पालघर, भिवंडी, कल्याण आणि ठाणे असे चार झाले. कल्याण मतदारसंघाचा जन्म हा असा भागाकारातून झालेला आहे. त्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही की उपोषण केलं नाही.

हे काम करणारा आयोग २००२ च्या कायद्याने नेमला गेला. अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग. आधी १९९१ ची जनगणना धरायची असं ठरलं होतं. २००३ साली आणखी एक घटनादुरुस्ती होऊन २००१ ची धरायचं ठरलं. हे आपल्या पथ्यावर पडलं, कारण इथली खरी वाढ त्या दहा वर्षांतलीच. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाला मदत करायला सहसदस्य म्हणून होते, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. कायद्यात कसोट्या दिल्या आहेत : भाग शक्यतो सलग आणि आटोपशीर असावा, नदी-डोंगर बघावेत, तालुका-नगरपालिकांच्या हद्दी बघाव्यात, दळणवळण आणि लोकांची सोय बघावी. लोकसंख्येत दहा टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालेल. एका विधानसभा मतदारसंघाचे तुकडे करून ते दोन लोकसभांना देता येत नाहीत. आधी प्रारूप प्रसिद्ध करायचं, हरकती-सूचना मागवायच्या, जाहीर सुनावण्या घ्यायच्या आणि मग अंतिम आदेश काढायचा. तो एकदा निघाला, की त्यावर कोर्टात दाद मागता येणार नाही, असं कायद्यातच लिहिलेलं आहे.

१९ फेब्रुवारी २००८ पासून राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने हा आदेश लागू झाला. त्या वेळी आपल्याकडे एक मजेशीर प्रसंग घडला. २००८ च्या सुरुवातीलाच प्रकाश परांजपे यांचं निधन झालं होतं आणि मे महिन्यात पोटनिवडणूक लागली. नवा नकाशा लागू झालेला, पण चालू लोकसभेची पोटनिवडणूक जुन्याच हद्दीत घ्यायची असा नियम. त्यामुळे कागदावर मोडीत निघालेल्या जुन्या ठाणे मतदारसंघात आपण शेवटचं मतदान केलं. आनंद परांजपे निवडून आले. वर्षभराने, ३० एप्रिल २००९ ला, तेच कल्याणमधून उभे राहिले आणि जिंकले. पण तोवर आपण पश्चिमवाले त्यांचे मतदार उरलो नव्हतो.

आता नकाशा. विधानसभा मतदारसंघांना राज्यभर क्रमांक दिलेले आहेत. नंदुरबारच्या कोपऱ्यात एकपासून सुरुवात होते आणि नागमोडी वळणं घेत क्रमांक पुढे सरकतात. आपल्या भागात १३४ ते १३९ हे सहा सलग क्रमांक भिवंडी लोकसभेचे : भिवंडी ग्रामीण, शहापूर, भिवंडी पश्चिम, भिवंडी पूर्व, कल्याण पश्चिम आणि मुरबाड. पुढचे १४० ते १४४ कल्याणचे : अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण पूर्व, डोंबिवली, कल्याण ग्रामीण. हे झाले पाच. सहावा कोणता? क्रमाने १४५ यायला हवा, पण तो आहे मीरा-भाईंदर, पार ठाण्याच्या पलीकडचा. मग मधले चार सोडून १४९ ला उडी मारली आहे, म्हणजे मुंब्रा-कळवा. महापालिका ठाण्याची आणि खासदार कल्याणचा. आणि आपण? महापालिका कल्याण-डोंबिवलीची आणि खासदार भिवंडीचा. लेजरमध्ये एक रक्कम या खात्यातली त्या खात्यात आणि तिकडची इकडे टाकल्यावर बेरीज जुळते, तसंच काहीसं.

हे असं का झालं, ते नकाशा समोर ठेवला की कळतं. जिल्ह्याच्या ईशान्य बाजूला कसाऱ्यापासून माळशेजपर्यंत मोठा मुलूख आहे, पण वस्ती विरळ. शहापूर, मुरबाड आणि भिवंडी ग्रामीण असे तीन मतदारसंघ तिथे झाले. त्यातल्या मुरबाडला बदलापूर जोडलं, तेव्हा कुठे संख्या भरली. भिवंडी शहराचे दोन धरले की पाच. सहावा कुठून आणायचा? लागून असलेलं, दाट वस्तीचं, फक्त मधे खाडी असलेलं असं आपलं कल्याण पश्चिमच होतं. आपल्याला तिकडे दिलं नसतं, तर दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागलं असतं, आणि ते आपल्यासारखेच लेख लिहीत बसले असते.

कल्याण पूर्व आणि पश्चिम यांची फारकत मात्र रेल्वेच्या रुळांनी केली. १८५४ साली ठाण्याहून पुढे कल्याणपर्यंत गाडी आली आणि गावाच्या एका अंगाने रूळ गेले. तेव्हा रुळांपलीकडे शेतं होती. मूळ कल्याण म्हणजे पारनाका, टिळक चौक, बाजारपेठ, काळा तलाव, दुर्गाडी हे सगळं पश्चिमेला. पूर्वेची वस्ती नंतरची. म्हणजे ज्या गावाचं नाव मतदारसंघाला मिळालं, ते मूळ गावच मतदारसंघाच्या बाहेर राहिलं. नवरदेव मांडवाबाहेर आणि आत वऱ्हाडी जेवतायत, असं मी एकदा कट्ट्यावर म्हणालो होतो, त्याची अजून आठवण काढली जाते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘आपला भिवंडीशी काय संबंध?’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. ते मला पटत नाही. शिवाजी महाराजांनी १६५७ साली घेतली ती ‘कल्याण-भिवंडी’. इतिहासाच्या पुस्तकात ही दोन नावं जोडीनेच येतात. दोन्ही बंदरं एकाच खाडीच्या आश्रयाने वाढली. दुर्गाडीचा किल्ला आहे तोसुद्धा खाडीवर नजर ठेवण्यासाठी. रेल्वे येईपर्यंत कल्याणचं तोंड खाडीकडे होतं. रूळ आले आणि गावानं तोंड फिरवलं. भिवंडी मुख्य लोहमार्गापासून बाजूला राहिली, यंत्रमागावर वाढली, आणि आपण मुंबईच्या लोकलला बांधले गेलो. म्हणजे खाडीचा शेजार जुना आणि रुळांचा शेजार नवा. आयोगाने नकळत जुना शेजार धरला असं म्हणता येईल. आजही दुर्गाडीचा पूल ओलांडला की पलीकडे कोन गाव, आणि तिथून भिवंडी रिक्षाने किती वेळ लागतो ते सगळ्यांना माहीत आहे. (ट्रॅफिक नसेल तर! तशी वेळ मी अजून पाहिलेली नाही.)

तरीही रोजचं आयुष्य बघितलं, तर अडचण दिसतेच. आपल्या सोसायटीतली कितीतरी मुलं लग्नानंतर पूर्वेला किंवा डोंबिवलीत राहायला गेली. आईवडिलांचा खासदार एक आणि मुलाचा दुसरा, हे ठीक आहे, त्यात काही बिघडत नाही. पण आपल्या सगळ्यांचं ज्याच्यावाचून अडतं ते कल्याण स्टेशन नेमकं सीमेवर आहे. कर्जत आणि कसारा या दोन फाट्यांचं हे जंक्शन. पश्चिमेच्या दारातून आत शिरणारा भिवंडीचा मतदार, पूर्वेच्या दारातून शिरणारा कल्याणचा, आणि दोघं एकाच फलाटावर एकाच खोळंबलेल्या गाडीची वाट बघणार. खासदाराकडे आपण मुख्यतः न्यायचं ते रेल्वेचंच काम. ते दोन खासदारांचं असलं, की दोघांनी केलं म्हणून लवकर होतं, का दोघांचं म्हणून मागे पडतं, हे ज्याच्या त्याच्या अनुभवाप्रमाणे सभासदांनी ठरवावं. मी रोजच्या प्रवासातून सुटून आता बरीच वर्षं झाली.

खासदार निधीचंही तसंच. वर्षाला पाच कोटी, २०११ पूर्वी दोन कोटी होते. भिवंडीच्या खासदाराला त्यात शहापूर-मुरबाडचे पाडेही बघायचे असतात. तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला, आणि त्याच तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांना उन्हाळ्यात टँकर. अशा वेळी आपल्या चौकातल्या सुशोभीकरणासाठी पैसे मागायला मला तरी संकोच वाटेल.

नावांचीही गंमत बघण्यासारखी आहे. ‘कल्याण ग्रामीण’ हा कल्याण लोकसभेतला विधानसभा मतदारसंघ. आज तिथे पलावासारखे टोलेजंग टॉवर उभे आहेत. नाव मात्र ग्रामीण. त्याचं कारण, आपल्या महापालिकेतून २७ गावं २००२ साली वगळली गेली. आयोगाने कामाला सुरुवात केली तेव्हा ती खरोखरच पालिकेबाहेरची गावं होती. २०१५ ला ती पुन्हा पालिकेत आली, पण मतदारसंघाचं नाव काही बदललं नाही. आदेशात शहरी भाग लिहिलेत तेही २००१ च्या जनगणनेतल्या वॉर्ड क्रमांकांनी. त्यानंतर महापालिकेचे वॉर्ड दर निवडणुकीला इकडचे तिकडे झाले, आदेश आहे तिथेच आहे. त्यामुळे ‘आमचा वॉर्ड अमुक नंबर, मग आम्ही कुठल्या मतदारसंघात?’ या प्रश्नाचं उत्तर नगरसेवकाच्या वॉर्डवरून काढायला जाऊ नये. मतदार यादीच्या पहिल्या पानावर विधानसभेचा क्रमांक असतो. १३८ असेल तर भिवंडी, १४२ असेल तर कल्याण.

नवा मतदारसंघ झाला, खासदार जवळ आला, त्याने लोकांचा उत्साह वाढला का? २०२४ ला कल्याण मतदारसंघात मतदान झालं जेमतेम पन्नास टक्के. भिवंडीत साठाच्या आसपास. आपला आकडा बरा दिसतो, पण त्याचं श्रेय भर उन्हात रांगेत उभ्या राहणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या माणसांनाही द्यायला हवं, एवढंच म्हणतो.

मध्यंतरी जिल्हाही बदलला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि चोवीसपैकी सहा आमदार घेऊन गेला. ठाण्याकडे अठरा राहिले, तीन खासदारांचे. चार मतदारसंघांचा तो नकाशा त्यामुळे फार विस्कटला नाही, कारण पालघर लोकसभा जवळजवळ जशीच्या तशी नव्या जिल्ह्यात बसली.

पण आता पुन्हा हिशेबाची वेळ येते आहे. २००१ च्या घटनादुरुस्तीप्रमाणे जागांच्या संख्येवरचा गोठा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे. आणि पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक सरकारने जाहीर केलेला आहे. २०११ च्या आकड्यांवरच मी भागाकार करून बघितला : राज्य ११ कोटी २४ लाखांचं, जुना ठाणे जिल्हा, म्हणजे पालघर धरून, १ कोटी १० लाख ६० हजारांचा. चोवीसचे अठ्ठावीस होतात. त्यानंतर गांधारीपासून टिटवाळ्यापर्यंत काय काय उभं राहिलं ते आपण गच्चीतून बघतोच आहोत. तेव्हा हा नकाशा पुन्हा पुसला जाणार आणि नवा काढला जाणार, यात मला शंका नाही.

तेव्हाही प्रारूप निघेल, हरकतींना मुदत मिळेल, जाहीर सुनावणी होईल. अशा सुनावणीला जाताना ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढंच म्हणून भागत नाही. ‘अमुक वॉर्ड इकडे घ्या, त्याऐवजी तमुक तिकडे द्या, लोकसंख्या एवढी होते, दहा टक्क्यांच्या आत बसते’ असा ताळेबंद मांडावा लागतो. कल्याणची पूर्व-पश्चिम एकत्र हवी असेल, तर आपल्या बदल्यात भिवंडीला कोण द्यायचं याचंही उत्तर तयार असायला हवं. आपल्या सोसायटीत तीन सीए, दोन इंजिनिअर आणि एक वकीलीण बाई आहेत. त्या वेळी मी ऐंशीच्या आसपास असेन. आकडेमोड करून देईन, सुनावणीच्या ठिकाणी जिने चढायचं मात्र तरुण मंडळींनी बघावं. २००१ ते २०११ चे तक्ते, आयोगाच्या आदेशाची झेरॉक्स आणि रंगीत पेन्सिलींनी सीमा आखलेला तालुक्याचा नकाशा मी सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात, खालच्या खणात, ऑडिट रिपोर्टच्या फायलींशेजारी ठेवून दिला आहे.